रोडग्यातली वाळू

आधी चूक सांगतो, मग बाकीचं. समुद्रकिनाऱ्यावर, सगळ्या घरच्यांसमोर, मी माझ्या वहिनीवर आरोप केला की तिने माझ्या जेवणात वाळू घातली. तिने घातली नव्हती. एवढं मला आज पक्कं ठाऊक आहे. मग कोणी घातली, हे मला ठाऊक नाही. आणि ज्यांना ते ठाऊक आहे असं वाटतं, त्यांचा मला फार राग येतो. या लेखाखाली कोणी 'दादांचा आत्मा' वगैरे लिहिणार असेल तर त्याने कृपया पूर्ण वाचून मगच लिहावं.

मी रायपूरला चौबे कॉलनीत राहतो. नोकरी सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात — लॅबमध्ये. खनिज आलं, कोळसा आला, की त्याची ओल किती, राख किती, चाळणीतून किती खाली पडलं हे बघणं माझं काम. जे मोजता येत नाही ते नाही, अशा मताचा मी माणूस. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मीही वाचायचो — चहाबरोबर, हसण्यासाठी. पांढरी साडी आली की बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो.

आता वहिनीबद्दल. आम्ही मूळचे गोंदियाकडचे. वडील लवकर गेले, तेव्हा मला शिकायला दादाकडे रायपूरला पाठवलं. दादा रेल्वेत होता, केबिनमध्ये. वाल्टेर लाइनच्या, म्हणजे विशाखापट्टणमकडच्या गाड्यांना सिग्नल देणं हे त्याचं काम. आयुष्यभर समुद्राकडे जाणाऱ्या गाड्यांना त्याने हिरवा दिवा दाखवला आणि स्वतः कधी त्या गाडीत बसला नाही. पास मिळायचा, पण प्रत्येक वेळी काहीतरी निघायचं. वहिनीने मला त्या क्वार्टरमध्ये शाळेपासून नोकरी लागेपर्यंत खाऊ घातलं. पुढे दादा रिटायर झाल्यावर ते दोघं आमच्याकडेच राहायला आले. मागच्या पावसाळ्यात दादा गेला. पोटाचा आजार होता, बरेच दिवस चालला. हे पोटाचं मी मुद्दाम सांगतोय. पुढे लागेल.

हिवाळ्यात वहिनी एक दिवस म्हणाली, "भाऊजी, मले एकदा समुद्र पाहू द्या. त्याइले नाही दिसला, मले तं दिसू द्या."

यात नाही म्हणण्यासारखं काहीच नव्हतं. मी, बायको मंदा, मुलगी पल्लवी, वहिनी, आणि वहिनीची मुलगी ज्योती व जावई असे निघालो. ज्योती अभनपूरला असते, जावयांचं तिथे बियाण्यांचं दुकान आहे. त्यांच्याच ओळखीतल्या एकाचं श्रीकाकुळमच्या बाजूला, ताडाच्या बागेत एक साधं घर होतं. विशाखापट्टणमला उतरायचं आणि जीपने वर उत्तरेकडे जायचं.

गाडी सुटल्या सुटल्या वास यायला लागला. समोरच्या बर्थवरचा माणूस नाक मुरडत म्हणाला, "भैया, ये गोबर की स्मेल कहाँ से आ रही है?"

मी इकडेतिकडे बघत असतानाच वहिनीने बर्थखालच्या पिशवीवर थोपटलं. "हमारी है भैया. सूखा है, चिंता मत करो."

पिशवीत गोवऱ्या! अभनपूरहून ज्योतीकडून मागवलेल्या — इकडे छेना म्हणतात — चांगल्या वाळलेल्या, पोत्यात गुंडाळलेल्या. एसी डब्यात! मी म्हणालो, "वहिनी, हे काय आणलं? समुद्रावर कोणी शेण घेऊन जाते का?"

"रोडगे कशावर भाजू मंग? तुमच्या मोबाइलवर?"

"बडी मम्मी रॉक्स," पल्लवी म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, बोलायचं मात्र हिंदीत.

ज्यांनी रोडगे खाल्ले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. जाडसर कणीक, त्यात ओवा, मोहन. छोट्या पोळ्या लाटून, तेल लावून, एकावर एक ठेवून त्यांचा गोळा बांधायचा आणि पेटलेल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात, राखेखाली भाजायचा. वरून कडक, आत पापुद्रे. फोडून त्यावर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. आमच्याकडे मोकळ्या रानात, सगळे मिळून करतात. पण समुद्रावर केलेले मी तरी ऐकले नाहीत. मला लाज वाटत होती, हे खरं कारण. पूर्ण प्रवासभर मी चिडलेलो होतो.

किनारा मात्र... काय सांगू. मी फोटोंमधले समुद्र बघितलेले, त्यात माणसंच माणसं. इथे कोणी नव्हतं. भेळवाला नाही, उंट नाही, बोर्ड नाही. वर ओढून ठेवलेल्या होड्या, केवड्याची काटेरी झुडपं, सुरूची झाडं आणि त्यांच्यापलीकडे नुसती स्वच्छ वाळू — इस्त्री केल्यासारखी. आपण चाललो की खेकडे बिळात पळायचे, थांबलो की परत यायचे. लाटेचा आवाज सोडला तर दुसरा आवाज नाही. माझ्यासारख्या, दिवसभर क्रशर ऐकणाऱ्या माणसाला ते जवळजवळ सहन होईना. मी मनात ठरवलं की या जागेवर आपण एक कागदसुद्धा टाकायचा नाही. त्यासाठी मी काळी कचऱ्याची पिशवी बरोबर घेतली होती, आणि या बाबतीत मी बरोबर होतो असं मला अजूनही वाटतं.

दुपारी सुरूच्या आडोशाला वहिनीने गोवऱ्या पेटवून आर लावला. जावई वारा अडवत बसले, मंदा-ज्योतीने कणीक मळली. पहिला रोडगा निघाला तसा वहिनीने तो फडक्याने पुसला, फोडून तूप घातलं, घरून आणलेल्या पळसाच्या पत्रावळीवर ठेवला आणि ती पाण्याच्या दिशेने चालत गेली. ओल्या वाळूच्या अलीकडे पत्रावळ ठेवली. हात जोडले नाहीत, काही नाही. नुसती उभी राहून म्हणाली, "घ्या. पाहून घ्या बरं. लय पाणी आहे."

मी पिशवी घेऊन मागोमाग गेलो.

"वहिनी, हे इथं नका ठेवू. घाण होते."

"एक रोडगा तं आहे भाऊजी. कावळे खातीन, खेकडे खातीन."

"खेकड्यांना तूप पचत नाही," मी म्हणालो. मागे सगळे हसले. मी पत्रावळीसकट रोडगा उचलला, काळ्या पिशवीत टाकला आणि पिशवीला गाठ मारली. वहिनी हसली नाही. पण भांडलीही नाही. परत येऊन ती वाढायला बसली.

मला तिने पहिला दिला. मी फोडला. वरचं कवच इतकं गरम की बोटं भाजली, वाफ आली... आणि आत वाळू. कोरडी नाही — ओली, काळपट, गार. समुद्राच्या लाटेखालून मुठीत घ्यावी तशी. ताटात पाणी सुटलं.

मी तो बाजूला ठेवला. राखेत काहीतरी झालं असेल, वाळूत आर लावलाय, असं मनाशी म्हटलं. वहिनीने दुसरा निवडून, टिचकी मारून, भाजला आहे बघून दिला. फोडला. तेच.

बाकी सगळे खात होते. पल्लवी तूप चाटत होती. जावई म्हणत होते, "वाह, क्या बना है!"

मी उठून उभा राहिलो. मला वाटलं — नाही, माझी खात्री झाली — की हा बदला आहे. एक रोडगा उचलला म्हणून.

"वहिनी, हे काय आहे? माझ्या जेवणात वाळू? या वयात हे धंदे?"

"काय झालं भाऊजी?"

"पहा ना! मले एकट्यालेच! बाकीच्याइच्यात काहून नाही?"

ती ताटाकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर खरोखर काही नव्हतं, फक्त न समजणं. ते मला नाटक वाटलं. म्हणाली, "मी कोणाच्या अन्नात माती कालवणारी बाई आहे का?"

मंदा म्हणाली, "अहो बसा, दुसरा घ्या." पल्लवी म्हणाली, "पापा, सीन मत करो, प्लीज." आणि मी ते बोललो. म्हणालो, "दादालेही असंच खाऊ घालत होत्या का?"

दादा पोटाच्या आजाराने गेला होता. सगळ्यांना माहीत होतं. त्या मोकळ्या किनाऱ्यावर त्या वाक्याला कुठे जायला जागाच नव्हती.

वहिनी उठली. समुद्रापाशी गेली, हात धुतले, बराच वेळ धुतले. त्यानंतर परतीच्या पूर्ण प्रवासात ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. रायपूर स्टेशनवर मी तिची बॅग घ्यायला गेलो तर ज्योतीने ती आधीच उचलली होती. "काका, आई आमच्याकडे येऊन राहिली," ती म्हणाली आणि ते तिघं थेट अभनपूरला गेले. आमच्या घरातली वहिनीची खोली तशीच राहिली — पलंगावर घडी घातलेली शाल, खिडकीत औषधाची बाटली.

आता मला सांगा, अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? फोन करतो. मी काय केलं? मी ठरवलं की आपलं म्हणणं सिद्ध करायचं.

एका रविवारी सकाळी मी गच्चीवर आर लावला. वहिनी नाही, समुद्र नाही. गोवऱ्या नव्या, बाजारातून आणलेल्या. गहू मी स्वतः दळून आणले. कणीक मी मळली, आणि तिच्यात मीठही घातलं नाही — पुढे कोणी म्हणायला नको की खारटपणा पिठातलाच.

मंदा वर आली. "काय करून राहिले हे?"

"प्रयोग. इथं वाळू निघाली नाही की झालं. म्हणजे तिथं घातली होती."

"अन् तुम्ही बरोबर निघाले तं वहिनी घरी येतीन का?"

मी रोडगे काढले. एक फोडला.

मंडळी, मी काही रंगवून सांगत नाही. ऊन पडलेलं होतं, शेजारच्या गच्चीवर मिरच्या वाळत होत्या, खाली भाजीवाला ओरडत होता. आणि माझ्या हातातल्या रोडग्यातून गार, ओली वाळू माझ्या मनगटावर पडली. रायपूरमध्ये. समुद्र कुठे, आम्ही कुठे!

मंदाने तिचा फोडला. व्यवस्थित पापुद्रे. मग ती म्हणाली, "थांबा, एकच दोघं मिळून फोडू." तिने एक रोडगा उचलला, अर्धा तोडून खाल्ला. छान भाजलेला. उरलेला अर्धा तिने माझ्या हातावर ठेवला. ठेवताना तो कोरडा होता, मी बघितला. मी बोटांनी उघडला तेव्हा तो ओला झाला होता.

मंदा माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "म्हणजे वहिनीनं नाही घातली."

मी ती वाळू बाटलीत भरून लॅबमध्ये नेली. कोणाला सांगितलं नाही. वाळवली, चाळली. दाणा बारीक, एकसारखा. आमच्या खारुन नदीची वाळू अशी नसते. ॲसिडचे थेंब टाकले तर फसफसली, म्हणजे शिंपल्याचे कण आहेत. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं तर ते दुधासारखं पांढरं झालं — मीठ. बिनमिठाच्या कणकेत. अशा बाटलीवर नमुना कुठून घेतला ते लिहायचं असतं. मी पेन धरून बसलो आणि काही लिहिलं नाही. ती बाटली आजही तशीच आहे.

हे फक्त रोडग्यांचंच व्हायचं. भात, पोळी, बाहेरचं खाणं — सगळं ठीक. म्हणजे जन्मभर रोडगे खाल्ले नाहीत तर काहीच बिघडणार नव्हतं. मंदाच्या भावाने हाच सल्ला दिला. आणि इतरांनी? मंदाने बहिणीला सांगितलं, बहिणीने फॅमिली ग्रुपवर टाकलं, आणि तिथे एकच लाट आली. दादांचा आत्मा. दादांचा घास हिसकावला ना! दादा नाराज आहेत. कोणी शांती सांगितली, कोणी कुठला तरी महाराज. हात जोडलेले, रडणारे, मेणबत्तीवाले इमोजी.

मला संताप येतो तो इथे. हे लोक माझ्या भावाला ओळखत होते! भातात खडा लागला तर तो गुपचूप काढून ताटाखाली सरकवणारा माणूस होता तो — वहिनीला दिसू नये म्हणून. ताट उचललं की खाली खडा सापडायचा आणि वहिनी म्हणायची, "सांगायचं तं होतं!" तो म्हणायचा, "लागलाच नाही मले." असा माणूस मेल्यावर धाकट्या भावाच्या अन्नात वाळू घालेल? एका रोडग्यासाठी? मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही म्हणून काहीही त्याच्या नावावर खपवायचं का?

हे मी आज लिहितोय. तेव्हा मात्र मीही तेच केलं. कारण मला त्यात सोय दिसली.

मी अभनपूरला गेलो. वहिनी अंगणात बाजेवर बसून शेंगा सोलत होती. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "वहिनी, ते तुम्ही नव्हतं केलं. मले कळलं. दादा रागावला असन."

तिने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. इतक्या वर्षांत मी तिला असं चिडलेलं बघितलं नव्हतं.

"आधी माझ्यावर ढकललं, आता मेलेल्या माणसावर? त्यानं कधी तुमच्यावर हात उचलला का? आवाज चढवला का?"

"नाही..."

"मंग? अन् अजून निघून राहिली का वाळू?"

"हो."

"म्हणून आले. वाळू जावी म्हणून सॉरी म्हणून राहिले."

थोडंफार ते खरं होतं.

ज्योती दारातून म्हणाली, "काका, आई आजकाल स्वयंपाक करत नाही. मीच करते."

"काहून?" मी विचारलं.

वहिनी म्हणाली, "मीठ टाकायले हात नेते अन् तुमचं ते बोलणं ऐकू येते. दादालेही असंच खाऊ घालत होत्या का. हात तिथंच थांबते. मी त्याइले शेवटी पेज चारत होती, भाऊजी. चमच्यानं. अन् आता मीच आठवत बसते, काही चुकीचं तं नाही ना दिलं आपण." मग ती उठली. "सगळ्याइसमोर बोलले तुम्ही. आता माझ्या कानात येऊन सांगून राहिले. चहा पिऊन जा."

चहा ज्योतीने केला.

मी मोटरसायकलवर परत आलो तेव्हा रस्ताभर मला एकच गोष्ट समजत होती. मी वाळूचा शोध लावत बसलो होतो. ती कुठून आली, कशी आली, तिच्यात काय आहे. माझ्या आरोपाचं काय झालं, तो कोणाच्या पोटात जाऊन बसला, हे मी तपासलंच नव्हतं.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. कोणी मनाचा खेळ म्हणेल, तर बाटली आहे. कोणी बनाव म्हणेल, तर कणीक मी मळली होती. कोणी दादाचं नाव घेईल, तर त्याच्याशी मी बोलणार नाही. गच्चीवरच्या त्या दिवसानंतर मी रोडगा फोडलेला नाही, त्यामुळे वाळू गेली की आहे हेही मला माहीत नाही. बघायचंही नाही. बघितलं तर माफी परत त्या वाळूच्या हिशोबात जाईल.

या पावसाळ्यात दादाचं वर्षश्राद्ध अभनपूरला झालं. गोंदियाचे आले, भिलाईचे आले, समुद्रावर होते ते तर सगळे होतेच. पानं मांडली, लोक बसले. वहिनी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर होती. वाढायला सुरुवात होण्याआधी मी उभा राहिलो. पल्लवी हळूच म्हणाली, "पापा?" कोणीतरी म्हणालं, बसा बसा. मी बसलो नाही. मला भाषण येत नाही. जे बोललो ते असं —

"एक मिनिट ऐका. समुद्रावर मी वहिनीले दोन गोष्टी बोललो. एक, तिनं माझ्या जेवणात वाळू घातली. दुसरी, दादालेही असंच खाऊ घालत होत्या का, असं मी विचारलं. दोन्ही खोट्या आहेत. वाळू कशी आली ते मले माहीत नाही. वहिनीनं घातली नाही, दादानंही घातली नाही, ग्रुपवर लिहिणाऱ्याइनं ते बंद करावं. दादाले हिनं शेवटच्या दिवसापर्यंत आपल्या हातानं चारलं, अन् त्यात काहीच चुकीचं नव्हतं. काहीच नव्हतं, वहिनी. मीही याच हातचं खाऊन मोठा झालो, अन् मीच असं बोललो. माझ्या तोंडून निघालं ते मी सगळ्याइसमोर मागं घेतो. तुम्ही माफ करा, नका करू, ते तुमचं. मी चुकलो."